पहिला शिक्का

फोनमधला आवाज कुजबुजता होता, तरी वृषालीनं तो पहिल्याच शब्दाला ओळखला, आणि तिथंच सगळी पंचाईत झाली. समोर कॅमेरा चालू, कॅमेऱ्यामागं अरिहंत, आणि कॅमेऱ्याच्या वायरीपलीकडं अख्खं लोणी गाव टीव्हीसमोर मांडी घालून बसलेलं. अशा वेळी घरच्याच माणसाचा फोन यावा, आणि तोही हा असा!

पण हे घडलं कसं ते आधी सांगायला पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, किराणा दुकानाच्या माळ्यावर बसलेली ही पोर टीव्हीवर आली कुठून?

रूपचंदशेठचं दुकान गावात जुनं. त्यांचा धाकटा अरिहंत मात्र गूळ-शेंगदाण्यात कधी रमला नाही. त्यानं गच्चीवर डिश लावली, घराघरांत वायरी ओढल्या, दुपारी सिनेमे आणि संध्याकाळी गावातल्याच लग्नांच्या कॅसेटी असा कारभार मांडला. लोकही असे हौशी की स्वतःचंच लग्न चारचारदा बघायचे आणि पंगतीत कोण किती जेवला त्यावर भांडायचे. दोन हजार सालच्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, तसं त्याच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. यंदा यादीत नवी नावं लई होती. अठरा ओलांडलेली पोरं, नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुना. त्यातल्या कित्येकांनी मतपत्रिका डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्यांना टीव्हीवरूनच शिकवावं, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि शिकवायला मंचरच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेतलेली वृषाली होतीच.

रूपचंदशेठनी कपाळावर हात मारला. "अरे, आपण धंद्याची माणसं. गावच्या राजकारणात आपलं काय अडलंय?" पण वृषाली म्हणजे सोपानरावांची लेक, आणि सोपानराव म्हणजे गावातलं पॅनेल. त्यांनीच खुशीनं होकार दिला म्हटल्यावर शेठ गप्प बसले. "पोरगी आपली, टीव्हीवर आपली, म्हंजी मतंबी आपलीच की राव!" असं सोपानराव चावडीवर सांगत सुटले होते.

त्यांचा वॉर्ड यंदा बाईसाठी राखीव निघाला होता. मग काय, बायको उभी. प्रयागबाईंना विचारलं का? छे! अर्ज भरायच्या सकाळी सांगितलं, "बरं लुगडं नेस, तालुक्याला जायचंय." त्या बिचाऱ्या समजल्या, कुणाचं तरी लग्न आहे.

समोर उभी होती ठमाबाई. अंगणवाडीत मदतनीस, तोंडानं फटकळ, मागं ना पॅनेल ना पैसा. तिची मागणी एकच, बायांसाठी संडास. बाकीच्यांना हसू यायचं, पण बायांना येत नव्हतं. दिवस मावळला की त्या वॉर्डातल्या बाया पारगावच्या रस्त्याला जायच्या. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सुरू. दिवा अंगावर पडला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, ट्रॅक्टर गेला की पुन्हा बसायचं. नव्या सुनेला तर रडू फुटायचं. सोपानरावांच्या घरीही संडास नव्हता. "एवढं रान पडलंय की," म्हणायचे.

तर कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'पहिला शिक्का'. रोज संध्याकाळी सातला. मागं पलंगपोस बांधलेला, पुढं टेबल, टेबलावर दुकानातला फोन. वृषालीनं पुठ्ठ्यावर आंबा, केळं, पेरू असली खोटी चिन्हं काढून मतपत्रिका बनवली होती. शिक्का कुठं मारायचा, घडी उभी का घालायची, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर मत कसं बाद होतं, सगळं ती करून दाखवायची. सदस्य कशाला असतो, ग्रामसभेत कुणालाही उठून विचारता येतं, हेसुद्धा. आणि मग फोन. फोनचा आवाज टीव्हीवर ऐकवायची सोय अरिहंतकडं नव्हती. फोनवर प्रश्न ऐकायचा, नाव न घेता तो वृषालीनं आपल्या तोंडानं सांगायचा आणि उत्तर द्यायचं. ही गैरसोयच सोय ठरली. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या सुना धडाधड फोन करायला लागल्या. एकीनं तर विचारलं, "नवऱ्याला कळंल का गं, शिक्का कुठं मारला ते?" वृषाली कॅमेऱ्याकडं बघत ठणकावून म्हणाली, "कुणालाच कळत नाही. मत गुप्त असतं." त्या संध्याकाळी गावातले कितीतरी नवरे टीव्ही बंद करायला उठले म्हणे.

सोपानराव काही कच्चे नव्हते. वारा कुठं चाललाय हे त्यांनी ओळखलं आणि जुनाच उपाय काढला, देवाचा बेलभंडारा उचलून शपथ. पुरुषांचा भंडारा खंडोबाच्या देवळात उचलून झाला होता. सुनांसाठी त्यांनी घरी हळदीकुंकू ठेवलं. तिळगुळाआधीच हे कसलं हळदीकुंकू, असं कुणी विचारलं नाही. प्रयागबाईंच्या हातात ताट दिलं, ताटात बेलाची पानं आणि भंडारा. एकेक सून पुढं यायची, चिमूट उचलायची, कडेवरच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवायची आणि म्हणायची, "माझं मत कपबशीला," म्हणजे प्रयागबाईंच्या चिन्हाला. आरतीनंही म्हटलं. आरती म्हणजे वृषालीची वहिनी. दादा चाकणला कंपनीत, रविवारचा यायचा. कडेवर शौर्य, अजून वर्षाचाही नाही. पानसुपारी वाटत उभ्या असलेल्या वृषालीला वहिनीचा चेहरा दिसला, आणि तिला भारी वाईट वाटलं.

आणि आता तीच वहिनी फोनवर होती.

"वन्सं," ती म्हणाली, "मी भंडारा उचललाय. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून. आता छत्रीवर शिक्का मारला, तर माझ्या लेकराला काय व्हईल का वो?"

छत्री म्हणजे ठमाबाई. राज्यशास्त्राच्या पुस्तकात याचं उत्तर कुठं असणार? तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं. "एका ताईंनी विचारलंय," ती सावकाश म्हणाली, "की भंडारा उचलायला लावला असेल, लेकराची शपथ घातली असेल, तर मत दुसरीकडं देता येतं का? येतं. धाकानं घेतलेल्या शपथेला कायद्यात काही किंमत नाही." इथवर ठीक होतं. पण फोनमधून हुंदका आला, आणि बाईसाहेब कॅमेरा विसरल्या. "रडू नका ना, वहिनी! बाळाला काही होत नाही, मी सांगते ना!"

झालं! शब्द गेला तो गेलाच. अरिहंतनं कॅमेऱ्यामागं डोळे मिटून घेतले. वृषालीनं फोन ठेवला, घडी उभी घालायची असते हे उगाच पुन्हा एकदा सांगितलं आणि कार्यक्रम आवरला.

"अगं, गावातली प्रत्येक सून तुझी वहिनीच लागते," अरिहंत जिन्यात म्हणाला. "कुणाला काय कळतंय?"

त्याचं खरं होतं, आणि तेच वाईट झालं. गावची लेक ती, गावातल्या सगळ्या सुना तिच्या वहिन्या. घरात तान्हं लेकरू आणि नवी मतदार सून असलेल्या प्रत्येक सासऱ्याला वाटलं, आपलीच! रात्रीची जेवणं कुणाला गोड लागली नाहीत. गेणभाऊंनी तर सुनेला ओट्यावर उभी करून विचारलं, आणि ती नाही नाही म्हणत असताना शेजाऱ्यांदेखत तिच्या दोन मुस्काटात दिल्या. तिनं फोनला हातसुद्धा लावला नव्हता. सकाळी हे कळलं तेव्हा वृषालीनं पुढ्यातलं ताट सारलं. आपल्या एका शब्दापायी भलत्याच बाईनं मार खाल्ला, आणि आपण टीव्हीवर शहाणपण शिकवतोय.

देवळात पॅनेलची बैठक बसली. सोपानराव उठून म्हणाले, "जिनं फोन केला, तिला लेकरू ठिवून म्हायेरी पोचवायची. मंग ती कुणाची का आसंना. माझी निघाली तरी माझी!" चार माणसांत असं बोलून बसले म्हणजे आता मागं फिरायची वाटच नाही. सोपानरावांनी आयुष्यात एकच गोष्ट सांभाळली होती, चार माणसांत दिलेला शब्द.

घरी येऊन त्यांनी लेकीला समोर बसवलं. "कुणाचा फोन व्हता?"

"अण्णा, फोन नव्हताच. प्रश्न मीच तयार केला."

"मंग वहिनी कुणाला म्हनलीस? फोनच्या डबड्याला?"

आत माजघरात आरती शौर्यला थोपटत होती. तिचा हात थांबलेला वृषालीला इथून दिसला.

आणि दुपारी शौर्यला ताप भरला. आता बोला!

ताप काय, लेकरांना येतच असतो. वृषाली आणि आरती त्याला घेऊन जीपनं मंचरला गेल्या. डॉक्टरनं कान बघितले, घसा बघितला, दात येतायत म्हणाला, औषध दिलं. पण आरतीचा त्या औषधावर विश्वास नव्हता. येताना जीपमध्ये ती वृषालीच्या कानाशी पुटपुटली, "मी नुसता इचार केला वो छत्रीचा. नुसता इचार, तर हे. खरंच शिक्का मारला असता तर?"

"वहिनी, दातांमुळं आहे ते."

"तुमी टीव्हीवर म्हनला व्हता काय होत न्हाई. झालं का न्हाई?" आरतीचे डोळे कोरडे होते, आणि त्याचीच वृषालीला जास्त भीती वाटली. "ताप उतरला न्हाई तर मी मामांच्या पायावर जाऊन सांगनार. मला पाठवू दे म्हायेरी. लेकरू तर राहील."

मामा म्हणजे सोपानराव. सांगितलं की संपलं. आरती माहेरी, शौर्य इथं, आणि अण्णांचा शब्द दगडावरची रेघ. न सांगावं तर ही बाई त्या तापाच्या भीतीनंच खंगून जायची. वृषालीनं तिचा हात घट्ट धरला. "आजची संध्याकाळ थांबा. माझ्यासाठी थांबा," ती म्हणाली. आजच्या संध्याकाळी ती असं काय करणार होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

घरी आली तर अण्णांनी संध्याकाळ आधीच ठरवून ठेवलेली. प्रचार उद्या थांबणार होता. त्याआधी आज सातला प्रयागबाई टीव्हीवर बोलणार. काय बोलायचं ते त्यांनी बायकोकडून दुपारभर घोकून घेतलं होतं. भंडारा जागा आहे, शब्द मोडणाऱ्याला देव बघून घेईल, एका घरात लेकरू तापानं फणफणलंय ते उगाच नाही. हे शेवटचं ऐकून वृषाली पुढं झाली.

"अण्णा, शौर्यचं नाव घेणार तुम्ही?"

"नाव कशाला? कळतंय लोकांना. माझ्या घरात ताप आला, म्हंजी देव समद्यांनाच इशारा देतोय. बाया घाबरल्या की झालं." आपल्याच घरातला ताप, आणि त्याचा अर्थ काय निघतो हे त्या हुशार माणसाला दिसलं नाही. दिसलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण आरतीनं ते दाराआडून ऐकलं, आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. शौर्य तिच्या मांडीवर कण्हत होता. प्रयागबाईंनी नातवाच्या कपाळावर हात ठेवला, मग सुनेकडं बघितलं आणि चपला घालायला गेल्या.

दुकानाच्या जिन्यावर मायलेकी पुढंमागं चढत होत्या. सोपानराव खाली रूपचंदशेठशी बोलायला थांबले होते. वृषालीनं आईचा पदर धरला. "आई, ते तापाचं नको बोलूस. माझी शपथ आहे तुला. तुला माहीत नाही..."

"म्हाईत हाय," प्रयागबाई न थांबता म्हणाल्या. "फोन पडवीत हाय, टीव्ही माजघरात. मधी भिंत हाय, डोंगर न्हाई."

म्हणजे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं! ती काही विचारणार तोवर मागून सोपानरावांच्या वहाणांचा आवाज आला.

अरिहंतनं कॅमेरा लावला. सोपानराव त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभे राहिले, बायकोला दिसतील असे. सूरजबाई, अरिहंतची आई, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि खोलीतली हवा बघून दारातच थबकली. सात वाजले. वृषालीनं नमस्कार केला, आज उमेदवार प्रयागबाई आपल्याशी बोलतील असं सांगितलं आणि बाजूला सरकली.

प्रयागबाईंनी पदर सारखा केला. "नमस्कार. मी प्रयागबाई. निशानी कपबशी." सोपानरावांनी मान डोलावली. "मला मालकांनी पाठ करून दिलंय. भंडारा जागा हाय, शब्द मोडला तर देव बघून घेईल, असं बोलायचं हाय." इथं त्या थांबल्या. सोपानरावांनी हातानं, पुढं, पुढं, अशी खूण केली.

"मी लई इचार केला. भंडारा जागा हाय, हे खरंच हाय. मी मानते. पन ताट कुणाच्या हातात व्हतं? माझ्या. लेकराच्या डोक्यावर हात ठिव, असं कोन म्हनलं? मी म्हनले. म्हंजी शपथ घातली कुनी? मीच घातली." त्यांचा आवाज बारीक कापत होता, पण तुटत नव्हता. "आमी ल्हान व्हतो तवा शपथ घातली की जिनं घातली तिच्याच मागं लागायचो, सुटली म्हन, सुटली म्हन. तिनं म्हनलं की सुटायची. तिच्याबिगर कुनालाच सोडवता येत नव्हती."

सोपानरावांच्या हातांची घडी सुटली.

"तर ऐका गं पोरींनो. मी घातलेली शपथ सुटली. समद्यांची सुटली. लेकरांच्या डोक्यावरनं सुटली. त्यांना काय बी होनार न्हाई. देवाला जे सांगायचं ते माझं मी सांगंन."

"प्रयागे!" सोपानराव ओरडले. हा आवाजही टीव्हीवर गेला, गावभर.

"आन ऐका, आजून येक," प्रयागबाई कॅमेऱ्यावरची नजर न काढता भराभर म्हणाल्या. "फोन कुनी केला ते मला म्हाईत हाय. नाव घेनार न्हाई. तिला म्हायेरी पाठवायचं म्हनत्यात. जरूर पाठवा. ज्या घरातनं ती भायेर पडंल, त्या घराच्या दारात मी येऊन उभी ऱ्हाईन आन तिच्यासंगट जाईन. मंग उमेदवार न्हाई, बायको न्हाई..."

पुढचं गावानं ऐकलं नाही. सोपानरावांनी वायर धरून अशी ओढली की कॅमेरा तिकाटण्यासकट अरिहंतच्या अंगावर आला. अरिहंत कॅमेरा छातीशी धरून तसाच बसून राहिला.

"किती गेलं रं?" प्रयागबाईंनी त्याला विचारलं.

"सुटली म्हणालात ते गेलं काकू. माहेरचं पण गेलं."

तेवढ्यात फोन वाजला. वृषालीचा हात पुढं झाला, पण सोपानरावांनी आधी उचलला. "हॅलो," ते गुरकावले. पलीकडून बाईचा आवाज आला, रडत होती की हसत होती कळेना. "वन्सं, आत्याबाईंना सांगा..." आणि पुरुषाचा आवाज आहे हे ध्यानात येताच फोन खाडकन बंद झाला. सोपानरावांनी ठेवला तोच पुन्हा वाजला. दुसरा आवाज. "वन्सं..." पुन्हा ठेवला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी उचलला नाही. तो वाजत राहिला आणि ते त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हळूच बायकोकडं बघितलं. ताप, पडवीतला फोन, माजघरातली सून, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटत गेलेलं वृषालीनं पाहिलं. चार माणसांत दिलेला शब्द त्यांच्या ओठावर येऊन थांबला. तो पाळायचा तर घरातून दोन बाया जाणार होत्या, आणि आता ते सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं.

"इलेक्शन घालवलंस तू," ते शेवटी म्हणाले. आवाजात राग होता, पण त्यातला जोर गेला होता.

"गेलं तर जाऊ द्या."

"दुसऱ्यांचं जाऊ दे." सोपानराव दोन पावलं पुढं आले. "तू तरी? तू तरी कपबशीवर मारनार का न्हाई शिक्का? तुजं सवताचं नाव हाय त्याच्यावर!"

प्रयागबाई उठल्या. टेबलावरची आंब्या-केळ्याची खोटी मतपत्रिका त्यांनी उचलली, शाई दुसऱ्या चिन्हावर उमटणार नाही अशी नीट उभी घडी घातली आणि लेकीच्या हातात दिली.

"ते म्या तुमाला कशापायी सांगू?" त्या म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.